पाणी एकदाच देतात

राजापूर
२० मार्च २०२४

फिलोमिना विहीणबाईंना गोदाचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळं बरं आहे. बरं म्हणजे चांगलंच बरं आहे. आपल्या मनस्वीला तिसरा महिना लागलाय. ऑल्विनरावांनी तुम्हाला फोनवर सांगितलं असेलच, पण आईने सासूला सांगितल्याशिवाय ते सांगितल्यात जमा होत नाही. कालपासून मी आपली एकटीच हसते आहे. आमचे हे म्हणाले, काजू सोलता सोलता चीक डोक्यात गेला काय? म्हटलं, नातवंड येऊ दे, मग तुमच्याही जाईल.

फोन करायचा, पण फोन आमच्या नितेशचा, आणि तो पोरगा स्पीकरवर लावल्याशिवाय बोलत नाही. ओटीवर फोन बोलतो आणि कुंपणापलीकडे आनंदीबाई ऐकते. आनंदीबाई म्हणजे आमची शेजारीण. कान फार चांगले तिचे, बाकी सगळं दुखतं. आणि पोस्टमन बाबल्या कार्ड वाचतो, म्हणून हे अंतर्देशीय घेतलं. चौथीपर्यंत शिकले त्याचा आज उपयोग झाला. मध्ये फक्त सह्या केल्या.

आता विचारायचं ते विचारते. लग्न पोरांनी कोर्टात केलं, मी गप्प बसले. जावई गुणी आहे. लोट्याच्या कंपनीतून शिफ्ट करून आला तरी भांडी घासतो असं मनस्वी सांगते, ते मी इकडे कोणाला सांगितलेलं नाही. पण लग्न दोघांचं असतं, पोर सगळ्यांचं. आनंदीबाई म्हणते, तुमच्यात पोराला पाण्यात बुडवतात, मंत्र घालतात, नाव बदलतात, आणि मग ते पोर आजोळी गणपतीला आलं तरी परक्यासारखं दारात उभं राहतं. मी म्हटलं, तू बघायला गेली होतीस? म्हणाली, सगळे म्हणतात. पण माझ्या मनातून जाईना.

तर सरळ सांगा. काय करता तुम्ही पोराचं? किती पाणी, थंड की ऊन? कोण घालतं? आणि मंत्र काय तो लिहून पाठवा. माझ्या नातवंडावर काय म्हणणार ते मला आधी कळायला हवं.

कोकम वाळत घातलंय. पत्राचं उत्तर आलं की पाठवते.

तुमची
गोदा

&nbsp;

भुईगाव, वसई
९ एप्रिल २०२४

गोदाबाय,

तुमचं पत्र गुड फ्रायडेच्या दुसऱ्या दिवशी आलं. त्या दिवसांत मी आनंदाचं पत्र फोडत नाही. ईस्टर झाल्यावर फोडलं, आणि वाचून देवाचे आभार मानले.

आनंदीबाईंना सांगा, कोणी बुडवत नाही. मी बरीच वर्षं आमच्या देवळात रविवारी मुलांना धर्मशिक्षण दिलं आहे. (आम्ही वसईकर चर्चला देऊळच म्हणतो.) त्या मुलांना सांगायचे तसंच तुम्हाला सांगते.

आमचे संस्कार सात. बाप्तिस्मा म्हणजे स्नानसंस्कार, तो पहिला, दार तिथून उघडतं. मग मूल मोठं झालं की पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद, दृढीकरण. पुढे लग्न, किंवा धर्मगुरू झाला तर त्याची दीक्षा. आणि आजाऱ्याला पवित्र तेल लावतात तो. संस्कार म्हणजे डोळ्यांना दिसणारी खूण. पाणी दिसतं, तेल दिसतं. देव आत जे करतो ते दिसत नाही.

बाप्तिस्म्याला डोक्यावर तीनदा थोडं पाणी ओततात. आमचे फादर थंडीत कोमट घेतात. बाळाचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.’ एवढंच. मूल आदिपाप घेऊन जन्मतं, ते धुतलं जातं आणि ते देवाचं लेकरू होतं. हा संस्कार एकदाच. आत्म्यावर उठलेली खूण पुसत नाही, म्हणून पुन्हा देत नाहीत. देणारे फादर, पण मूल जगण्याची आशा नसेल तर फादरची वाट बघत नाहीत, जवळ असेल त्याने द्यायचा. माझ्या धाकट्या दिराला सुईणीने दिला होता. तो आज सत्तरीत आहे आणि रोज मासळीवरून भांडतो.

नाव काय ठेवायचं ते मुलं ठरवतील. ऑल्विनने मला बजावलंय की त्यात बोलायचं नाही. मी बोलणार नाही.

एक विचारते, राग मानू नका. शब्द तुम्हाला कशाला हवे होते? आमच्या लहानपणी म्हातारे सांगायचे, कोणी मुद्दाम शब्द मागून घेतात आणि घरी जाऊन उलटे म्हणून संस्कार उतरवतात. उतरत नाही तो, पण मागणाऱ्याचं मन कळतं. लग्न देवळात झालं नाही, ते मी गिळलं. हे गिळणार नाही.

तुमची
फिलोमिना

&nbsp;

राजापूर
२ मे २०२४

विहीणबाईंना नमस्कार.

अहो, उलटा कसला, मला तुमचा मंत्र सरळच पाठ होईना. रोज विहिरीवर पाणी काढताना म्हणते. कळशी वर येईपर्यंत पुत्रापर्यंत पोचते, मग पुन्हा पहिल्यापासून. पाठ कशाला करते तेही सांगते, लपवायचं काय? तुमचे फादर पाणी घालतील तेव्हा मी समोर उभी राहणार. तुम्ही लिहिलंय त्याच्यापेक्षा एक शब्द जास्त म्हणाले तर मला कळायला हवं.

तुमचे सात, आमचे सोळा. भटजी सोळा म्हणतात खरे, आमच्या वाट्याला येतात दोन, लग्न आणि शेवटचा. त्यामुळे सात म्हणजे काही थोडे नाहीत.

पण ते आदिपाप मला पटलं नाही. तान्ह्या पोराने काय केलं असेल हो? आमच्यात पोर झालं की दहा दिवस सुवेर असतं, विटाळ पाळतात, पण ते घराचं, पोराचं नव्हे. मनस्वीला फोनवर विचारलं, तर ती म्हणाली, आई, तू आता यात पडू नको. मग ख्रिस्तप्रसाद काय ते विचारलं. म्हणाली, भाकर असते, तिच्यात देव येतो आणि ती खातात. स्पीकरवर होतं सगळं. आनंदीबाई हसली. मी नाही हसले. आमच्या ग्रामदेवतेला कौल लावतात तेव्हा मूर्तीला तांदळाचे दाणे चिकटवतात. उजवीकडचा पडला तर देवी हो म्हणाली. त्या दाण्यावर आमच्यात लग्नं ठरतात, विहिरी खणतात. तांदळातून देव बोलतो तर भाकरीत बसायला त्याला काय जड आहे? मी आनंदीबाईला म्हटलं, तुझ्या पोरीचं लग्न दाण्यावर ठरलं तेव्हा हसली नव्हतीस ती.

एक सहज विचारते. पाणी न मिळताच एखादं पोर गेलं तर ते कुठे जातं, तुमच्या मते? सहजच विचारलं.

आता अट. पहिलं बाळंतपण माहेरचं, मनस्वी जुलैत इकडे येईल. पोर झालं की मला कळवल्याशिवाय तुम्ही पाणी घालायचं नाही. तुमच्या कुरुसावर हात ठेवून सांगा. मीही तुम्हाला कळवल्याशिवाय काही करणार नाही, आमच्या देवीची शपथ. आनंदीबाई म्हणते, शपथेवर जाऊ नको, लोट्याला कंपनीच्या क्वार्टरमध्ये गुपचूप उरकतील. म्हणून लिहून घेते.

फणस आलेत, तुमच्याकडे पाठवायला माणूस मिळत नाही. कोकमाची पिशवी मात्र पाठवली, पोचल्याचं कळवा.

गोदा

&nbsp;

भुईगाव, वसई
२० मे २०२४

गोदाबाय,

कोकम पोचलं. चांगलं आहे.

कुरुसावर हात ठेवून सांगते, तुम्हाला कळवल्याशिवाय बाप्तिस्मा होणार नाही. पण उगाच लांबवू नका. महिन्या-दीड महिन्यात व्हायला हवा असं माझं मत.

बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळाचं विचारलंत. जुने लोक काहीबाही सांगायचे. आता फादर शिकवतात की अशा बाळाला देवाच्या दयेवर सोपवायचं आणि आशा धरायची. तुम्ही म्हणाल, म्हणजे यांना ठाऊक नाही. ठाऊक नाहीच. पण देवाची दया आपल्यापेक्षा मोठी आहे एवढं ठाऊक आहे. बाप्तिस्मा झालेल्या बाळाचं मात्र आमच्याकडे स्वच्छ असतं. देवळामागच्या दफनभूमीत छोट्या कुरुसांची एक रांग आहे. त्यात माझ्या जावेचा जेरोम आहे. आठवडाभर जगला तो, पण नावाने आहे. जाता-येता आम्ही नावाने बोलतो त्याच्याशी.

हा प्रश्न सहज पडत नाही कोणाला. आनंदीबाईंनी विचारायला लावला असेल तर त्यांना उत्तर कळवा.

जुलैत माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्यामुळे बाळंतपणाला मला येता येणार नाही. ऑल्विन येऊन-जाऊन असेल. मी लांब आहे म्हणून काही होणार नाही ना, असं सारखं वाटतं. तुमच्या देवीच्या शपथेवर विश्वास ठेवते.

फिलोमिना

&nbsp;

राजापूर
२ सप्टेंबर २०२४

विहीणबाईंना गोदाचा नमस्कार, आणि आधी हे सांगा, तुमची तब्येत कशी आहे?

नात घरी आली. व्हिडिओवर बघितलीत तशी नाही हो ती, व्हिडिओत काळी दिसते. रत्नागिरीच्या दवाखान्यातून आणली तेव्हा शहाळ्याएवढी होती, आता जरा धरायला येते. नाक तुमच्यावर गेलंय. मी कबूल करणार नव्हते, पण गेलंय. जांभई देते तेव्हा आमचे हे जांभई देतात, आणि मग सगळं घर जांभया देतं. कामं अडतात.

वेळेआधी आली, काचेच्या पेटीत राहिली, ते दिवस गेले. त्याबद्दल आता लिहीत नाही. ऑल्विनरावांनी सांगितलं असेल ते सगळं.

गुडघा कसा आहे? ताप आला होता म्हणे ऑपरेशननंतर. उतरला ना? दम लागतो का? छातीत धडधडतं का कधी? एकट्याने जिना उतरू नका. समईतलं तेल तुमच्याकडे नसेल, पण देवापुढची मेणबत्ती असेल, ती वाऱ्यात ठेवू नका. मी सोमवारी देवीला तुमच्या नावाने ओटी भरली. खोबरेल पाठवते, गुडघ्याला चोळा, आणि काळा दोरा पाठवते तो नुसता उशाला ठेवा. बांधायला सांगत नाही. उशाला ठेवायला काय हरकत आहे?

बारसं अजून केलं नाही. बाराव्या दिवशी पोरगी दवाखान्यात होती, मग पाऊस, आता गणपती आले. आनंदीबाई रोज विचारते, नाव काय, नाव काय. मी म्हणते, बाळ. मनस्वीने दोन-तीन नावं काढली होती, मी म्हटलं थांब जरा. घाई कशाला?

आणि ते पाण्याचं. ते पुन्हा देत नाहीत असं तुम्ही लिहिलं होतं. ते अगदी तसंच का? समजा चुकून दोनदा दिलं तर पोराला काही होतं का? नाव एकदा घेतलं की तेच राहतं, की मागून बदलता येतं? तुम्ही फादरना विचारा. मी विचारलं असं सांगू नका.

पाणी द्यायचीही घाई नको. तुम्ही आधी चांगल्या बऱ्या व्हा.

गोदा

&nbsp;

भुईगाव, वसई
१४ सप्टेंबर २०२४

गोदाबाय,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि प्रत्येक वेळी जास्त वाईट वाटलं.

माझी तब्येत चांगली आहे. तुम्हाला तिची इतकी काळजी पहिल्यांदाच वाटली. दम लागतो का, छातीत धडधडतं का, जिना उतरू नका. असं विचारणारा माणूस बरं वाटावं म्हणून विचारतो की वाट बघतो म्हणून, हे मला या वयात कळतं. फिलोमिना गेली की बाप्तिस्म्याचा आग्रह धरणारं कोणी उरणार नाही, असं तर नाही ना मनात? ऑल्विन काही बोलणारा नाही. काळा दोरा मी उशाला ठेवलेला नाही, कपाटात ठेवला आहे.

तुमच्यात बाराव्या दिवशी नाव ठेवतात हे मला माहीत आहे. मूल घरी येऊन इतके दिवस झाले तरी नाव नाही. मनस्वीला विचारलं तर म्हणते, आई काहीतरी लपवते, मलाही सांगत नाही. मग बाप्तिस्मा दोनदा झाला तर काय, नाव बदलता येतं का, फादरना विचारा पण माझं नाव सांगू नका. हे कसले प्रश्न? तुम्ही बाळावर काही केलं आहे. कोणता विधी केला तो तुम्हीच जाणा. देवीची शपथ मी खरी मानली, माझंच चुकलं.

फादरनी नोव्हेंबरातला रविवार दिला आहे. माझ्या मुलीने पांढरा झगा शिवून ठेवला आहे, बाळाला धरून उभी राहणारी धर्ममाता तीच होणार. तुम्ही काय केलंत ते मला त्याआधी कळायला हवं. नाही कळवलंत तर काठी टेकत मी राजापूरला येईन आणि तुमच्या अंगणात बसेन. आनंदीबाईंना ऐकू दे.

फिलोमिना

&nbsp;

राजापूर
२४ सप्टेंबर २०२४

विहीणबाई,

तुम्ही या. अंगणात नको, ओटीवर बसा. पण हे आधी वाचा.

ऑगस्टात मनस्वीला अचानक त्रास सुरू झाला, तिला रत्नागिरीला नेली, सिझर केलं. ऑल्विनराव लोट्याहून निघाले आणि परशुराम घाटात दरड आली म्हणून चिपळूणच्या अलीकडेच अडकले. नितेश रक्ताच्या बाटलीसाठी धावत होता. मनस्वी शुद्धीवर नव्हती. पोरीजवळ मी एकटी. दुपारी डॉक्टरीण बाहेर आली आणि म्हणाली, आजी, श्वास नीट घेत नाही, भरवसा देता येत नाही, बघून घ्या.

बघून घ्या म्हणजे काय ते मला माहीत आहे. मनस्वीच्या आधी मला एक मुलगी झाली होती. बारशाआधी गेली. अशा पोराला आमच्यात जाळत नाहीत. कातळापलीकडे नेऊन पुरतात, वर दगड ठेवतात, आणि घरी येऊन सगळे जेवायला बसतात. नाव नसतं, म्हणून परत कोणी विषय काढत नाही. काढायचा तरी काय म्हणून काढायचा? त्या दिवशी त्या पेटीपाशी मला तुमच्या जावेचा जेरोम आठवला. आठवडाभर जगला, पण नावाने आहे. म्हटलं, माझ्याकडे गेली तर ही दगडाखाली जाणार. तिकडे गेली तर रांगेत तरी राहील, जाता-येता कोणी बोलेल.

तिथली नर्स लांज्याची होती. तिला म्हटलं, मला पोरीच्या डोक्याला पाणी लावायचंय. ती म्हणाली, तीर्थ का? म्हटलं, तसंच समज. तिने उकळून गार केलेलं पाणी वाटीत दिलं, हात धुवायला लावले, पेटीचं भोक उघडलं आणि म्हणाली, आजी, थोडंच आणि लवकर. मी चमच्याने तीनदा घातलं. कानामागून खाली फडक्यावर गेलं. मंत्र सगळा आठवला हो. विहिरीवर अडायचा तिथेही अडला नाही. पण सुरुवातीला नाव लागतं ना. मला एकही सुचेना. तुम्हाला पत्रं लिहून लिहून हाताला एकाच ख्रिस्ती नावाचं वळण पडलंय. तेच तोंडातून आलं. म्हटलं, फिलोमिना, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते.

मनात काय होतं विचाराल, तर देव कोणता ते माझ्या मनात आलंच नाही. एवढंच होतं की फिलोमिनाबाय इथे असत्या तर जे त्यांनी केलं असतं ते मी करते.

संध्याकाळपर्यंत पोरगी रंगावर आली. पाण्याने आली असं मी म्हणत नाही, डॉक्टरीण म्हणते इंजेक्शनने. पण दुसऱ्या दिवशी ऑल्विनराव पोचले आणि म्हणाले, मम्मीला ऑपरेशननंतर ताप भरलाय.  जित्या माणसाचं नाव पोराला ठेवत नाहीत आमच्यात. पोर वाढतं तसं त्या माणसाचं आयुष्य सरतं. माझ्या आजेसासूने भावकीतल्या एका घराला असं नाव ठेवू दिलं नव्हतं, त्या घराशी आमचा अजून त्यावरून अबोला आहे. आणि मी काय केलं, तर तुम्ही जित्या असताना तुमचं नाव काढून पोरीला दिलं, तेही पुसलं न जाणारं. म्हणून तब्येत विचारत होते. म्हणून ओटी, म्हणून दोरा. पोरगी रोज थोडी भरते आणि मला आनंद होतो, आणि लगेच तुमची भीती वाटते. आरतीला ती माझ्या मांडीवर झोपते, तेव्हा मी देवीला सांगते, दोघींना ठेव.

कळवल्याशिवाय काही करणार नाही म्हटलं होतं. कळवायला फोन होता, पण नितेश तो घेऊन गेला होता, आणि हे काही स्पीकरवर सांगण्यासारखं नव्हतं. आता मनस्वीला आणि जावयांना तुम्हीच सांगा. मला रडू येईल.

फादरना विचारा, नाव काढता येतं का. माझं नाव सांगितलंत तरी चालेल.

गोदा

&nbsp;

भुईगाव, वसई
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय गोदाबाय,

तुमचं पत्र घेऊन मी काठी टेकत फादरांकडे गेले. ते म्हणाले, वाचून दाखवा. मी वाचलं. मग त्यांनी विचारलं, पाणी डोक्यावरून वाहिलं का? म्हटलं, कानामागून फडक्यावर. शब्द बरोबर का? म्हटलं, मीच लिहून दिलेले. देणारीच्या मनात काय होतं? मी ती ओळ पुन्हा वाचली, फिलोमिनाबाय जे करतील ते मी करते. फादरनी पत्र हातात घेऊन ती ओळ स्वतः वाचली. मग म्हणाले, चर्च जे करतं ते करायचं, एवढंच मनात लागतं. यांनी चर्चच्या जागी तुमचं नाव घातलंय, म्हणून तुम्ही फुगू नका.

देणारी ख्रिस्ती नसली तरी चालतं का, हे मी धर्मशिक्षण देऊनही विचारलं. चालतं, अशा वेळी कोणीही देऊ शकतं. दवाखान्यात फोन लावून ते त्या नर्सशीही बोलले. बाप्तिस्मा झाला आहे, गोदाबाय. पुन्हा होणार नाही. नोव्हेंबरातल्या रविवारी फक्त राहिलेलं करायचं, तेल, पांढरा झगा, मेणबत्ती. त्या दिवशी फादर एक शब्द जास्त म्हणतात का ते बघायला तुम्ही समोर उभ्या राहा, असा त्यांचा निरोप आहे.

आता नावाचं. आमच्याकडे पहिल्या नातीला बापाच्या आईचं नाव ठेवायची रीत होती. आजी जिवंत असताना, तिच्या देखत, तिचा मान म्हणून. माझ्या आजीचं नाव मला असंच मिळालं, आणि ती त्यानंतर माझ्या लग्नात नाचली. आताच्या मुलांना जुनी नावं नको असतात. ऑल्विनने बजावलं तेव्हा मी गप्प बसले, पण मनातून वाट बघत होते. ते कोणालाही बोलले नव्हते. तुम्ही न विचारता दिलंत. मी मरणार नाही एवढ्यात. दोरा कपाटातून काढून उशाला ठेवला आहे.

मी तुमच्यावर संशय घेतला त्याचं पापनिवेदन शनिवारी केलं. फादरनी प्रायश्चित्त दिलं, नमो मारिया ही प्रार्थना दहा वेळा आणि तुम्हाला पत्र. नमो मारिया म्हणून झाल्या.

ऑल्विनला सांगितलं. तो रडला आणि मग म्हणाला, शाळेत हिला फिलू म्हणतील. मनस्वीला त्याने सांगितलं आहे.

एक राहिलं. दोन नोव्हेंबरला आम्ही आमच्या मेलेल्यांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतो. यंदा जेरोमच्या शेजारी एक तुमच्या पहिल्या मुलीसाठी लावीन म्हणते. तुमची हरकत नसेल तर. लावताना नाव घ्यावं लागतं. काय नाव घेऊ?

तुमची
फिलोमिना

&nbsp;

राजापूर
२० ऑक्टोबर २०२४

फिलोमिनाबायना गोदाचा नमस्कार.

तुमचं पत्र बाबल्याने दिलं तेव्हा मी भात झोडत होते. तिथेच पेंढ्यावर बसून वाचलं. बाबल्या म्हणाला, वाईट बातमी काय? म्हटलं, अंतर्देशीय आहे, तुला कळायचं नाही. जा.

बारसं केलं, लाडू केले. मी पाळण्यात नाव सांगितलं तेव्हा बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आनंदीबाई म्हणाली, हे काय नाव, आणि जित्या विहिणीचं? म्हटलं, त्यांच्याकडे त्याने आयुष्य वाढतं. तुमच्या आजीचं नाचणं सांगितलं. आता ती सुनेला विचारतेय म्हणे, तुला मुलगी झाली तर माझं नाव ठेवशील का. सून म्हणाली, बघू.

मनस्वी पहिल्यांदा माझ्यावर रागावली, मग नाही रागावली. आता तिला मजा वाटते. सासूचं नाव घ्यायची आमच्यात चोरी, आणि ही दिवसभर ओरडते, फिलोमिना गप बस, फिलोमिना दूध पी, फिलोमिना किती त्रास देतेस गो मला. मी ऐकते आणि पदरात हसते. इतकं सुख कुठल्या सुनेला मिळालं असेल?

दिवाळी झाली की आम्ही सगळी कोकण रेल्वेने येतो. फादरना सांगा, मी येतेय. मंत्र पाठ आहे. आमचे हे विचारतात, तुमच्याकडे मासळी कोणती मिळते. मी म्हटलं, आपण देवकार्याला चाललोय. तरी विचारून ठेवा म्हणाले.

दोन तारखेला इकडे पाडवा आहे. मी अंगणात पणत्या लावीन तेव्हा तुम्ही तिकडे लावत असाल.

तुम्ही नाव विचारलंत. आमच्या ह्यांनीसुद्धा कधी विचारलं नाही, त्यांना वाटत असेल मी विसरले. बारसं झालं नव्हतं, म्हणून नाव नाहीच तिला. पण ती पोटात असताना मी विहिरीवर एकटी असले की तिला हाक मारायचे. कोणाला सांगितलेलं नाही. चिमा म्हणा.

मेणबत्ती वाऱ्याने विझली तर पुन्हा लावा. ते पाण्यासारखं नाही ना, एकदाच?

तुमची
गोदा